मिरवू नये इतकं काळं

ग्रीनवुड गावात, याझू नदीच्या अलीकडे,
पेटिवे बाईंच्या अंत्यविधीगृहामागे पत्र्याची शेड आहे.
तिथे मी एकवीस वर्षं
शववाहिकेची चाकं धुतो.

गाडी कुणीही पुसेल. चाकाला माणूस लागतो.
आधी ताठ केसांचा ब्रश, साबणाचं पाणी.
पहिला फेस तपकिरी येतो, शिळ्या कॉफीसारखा.
दुसरा त्याहून फिका.
तिसरा पांढरा आल्याशिवाय
डब्याचं झाकण उघडायचं नाही.
रबर आतलं काहीतरी सारखं बाहेर टाकत असतं,
आपण जुनं होऊ नये म्हणून,
आणि त्यानंच जुनं दिसतं.
हे कुठे लिहिलेलं नाही, गुडघे टेकून कळतं.

मग वाळू द्यायचं. इथे नवी पोरं घाई करतात.
ओल्या चाकावर लावलेलं टिकत नाही,
ओल्या डोळ्यांना दिलेल्या सल्ल्यासारखं.

आमचा डबा दुधाळ, पाण्यातला.
स्पंजवर तीन थेंब, हात आखडता.
पाच मिनिटांनी कोरड्या फडक्यानं
लावलेलं निम्मं काढूनही घ्यायचं.
उरतो तो रंग, म्हणजे जवळजवळ काहीच नाही;
चाक फक्त कुठून लांबून आलंय असं वाटत नाही.
"मेलेल्या माणसाआधी चाक दिसलं," बाई म्हणतात,
"तर आपण दुकान बंद करावं."

रस्त्याला टेकतो त्या पट्ट्याला बोटही लावायचं नाही.
तिथली चमक म्हणजे घसरण.
आतल्याला कसलीच घाई नसते,
पण मागच्या वीस गाड्यांना
ब्रेक दाबल्यावर थांबायचं असतं.

हे सगळं लेव्हर्ट बॅस्किनला मान्य नव्हतं.
हायवेवर त्याचं गाड्या धुण्याचं दुकान.
त्याच्या ब्यूकची चाकं अशी, की वाकून भांग पाडावा.
सिलिकॉनचं तेलकट औषध, दोन हात, वर तिसरा.
दारांवर काळे शिंतोडे उडायचे, तो म्हणायचा,
"उडू देत, गाडी चालते हे कळायला नको?"
आणि माझ्याकडे बघून,
"तुझी चाकं पाहिली की वाटतं, गाडीच वारली."
एका नाताळात त्यानं मला तो डबा दिला,
लाल फीत बांधून.
नऊ वर्षं फीतसुद्धा सोडली नाही मी.

एप्रिलमध्ये, शुक्रवारी रात्री,
शेडमधला दिवा लावून मी दोन डब्यांमध्ये उभा होतो.
शनिवारी अकराला लेव्हर्ट निघणार होता.

फीत सोडताना गाठ तुटली.
औषध जाड झालं होतं, रॉकेलसारखा वास.
पहिला हात. दुसरा.
निम्मं काढून घ्यायचं फडकं
खांद्यावरच राहिलं.

सकाळी पांढऱ्या हातमोज्यांतल्या चर्चच्या बायका
झगे आवरून लांबून चढल्या.
पेटिवे बाई चाकांपाशी थांबल्या. बराच वेळ.
मग म्हणाल्या, "आरसे पुसलेस?"
"हो, बाई."
"मग चल."

दफनभूमीपर्यंत चार मैल.
त्याच्या दुकानासमोर वेग कमी करावा, ही रीत.
मी केला नाही. थोडा वाढवला.

परत आल्यावर मागच्या दारावर शिंतोडे मोजले,
एकोणीस भरले.

सोमवारी दहाला शाळेच्या निवृत्त बाई होत्या, मिस इओला टार्प्ली,
जिनं आयुष्यात चमकणारं एक बटणही लावलं नाही.
म्हणून रविवारी संध्याकाळी बादली भरली,
ब्रश घेतला.
तिसरा फेस पांढरा येईना.
चौथाही करडाच.
पाचव्यानंतर चाक वाळू दिलं, बोट लावून पाहिलं.
अजून किंचित सरकत होतं.